फोनवर मान खाली जाते

आमच्या शेजारचे अप्पा फोनवरून कधीही उत्तर देत नसत. प्रश्नोत्तरांच्या एका वेबसाइटचा त्यांना नाद होता. रानात असताना तिथला एखादा प्रश्न फोनवर दिसला आणि उत्तर अगदी जिभेवर असलं, तरी ते उठून अणदूरला घरी येत, हातपाय धूत, टोपी घालत आणि मग कंप्युटरपुढे ताठ बसून एका बोटानं उत्तर लिहीत, शेवटी पूर्ण नाव आणि गाव घालून. एकदा तुरीवरच्या अळीबद्दल कुणीतरी घाईनं विचारलं होतं. अप्पा घरी येऊन टोपी शोधेपर्यंत दुसऱ्यानं उत्तर देऊनही टाकलं.

"दिऊ द्या," अप्पा मला म्हणाले, "आडवं पडून दिल्यालं दिसतंय. उत्तराला कणा लागतोय, बाई."

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून सगळ्यांची बाई. त्यांचं सगळं शास्त्र मी कुंपणाच्या भिंतीवरून ऐकलेलं आहे. "फोनवर मान खाली जाती. मान खाली घालून माणसानं इचारावं. सांगायचं आसंल तर मान सरळ पायजे." म्हणजे फोन विचारणाऱ्याचा आणि कंप्युटर सांगणाऱ्याचा. शिवाय कंप्युटर मुलानं पुण्याहून पाठवलेला, फोन अप्पांनी स्वतः सोलापुरात घेतलेला. "दोघांची वळख न्हाय," असं ते ठामपणे सांगत. एकावर लिहिलेलं दुसऱ्याला कळत नाही, अशी त्यांची समजूत होती.

अप्पांचं हायवेला खत-औषधांचं दुकान होतं. शेतकरी रुमालात बांधून रोगट पान आणायचे आणि गर्दीत विचारायला संकोचायचे. अप्पा मोठ्यानं म्हणायचे, "इचारा की, लाजताव कशाला?" दुकान बंद झालं, पण सांगायची सवय गेली नाही. वेबसाइटवर एका पोरीनं विचारलं होतं, बोटीला ब्रेक असतो का? अप्पांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी लिहिलं, 'असतो. तरी उतारावर उभी करू नये.' खाली कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली. ती मला दाखवत अप्पा म्हणाले, "बघा, माणूस खूश झाला."

तुम्ही स्वतः काही विचारता का, असं मी एकदा विचारलं. "मला काय इचारायचंय?" म्हणाले आणि टोपी नीट केली.

मग अप्पांच्या बायकोच्या, काकूंच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. सून काही आठवडे राहून पुण्याला परतली. काकू गावात घट्ट वेणीसाठी प्रसिद्ध होत्या. देवळात जाताना त्यांचा एक केस कधी सुटलेला कुणी पाहिला नव्हता. आता त्यांना परका हात नको होता आणि तसल्या विस्कटलेल्या केसांनी कुणापुढे यायचंही नव्हतं. बायका भेटायला आल्या की अप्पा दारातच उभे राहत. "झोपल्यात," म्हणत. मलाही तेच म्हणाले. मीही वाटीतली खीर त्यांच्या हातात देऊन परत आले.

एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या एका सरांनी फोन वर धरला आणि मोठ्यानं वाचलं, "पडून असलेल्या बाईची वेणी कशी घालावी? गुंता फार आहे. ओढ बसू नये." वर अप्पांचं नाव आणि टोपीतला फोटो.

"अप्पा पार्लर टाकलालेत!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. माझा हात माझ्याच वेणीवर गेला. भिंतीच्या अलीकडे मी रोज अंगणात बसून केस विंचरत होते, आणि त्या माणसानं साऱ्या जगाला विचारलं होतं, मला नाही.

गावातनं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून संध्याकाळी गेले. अप्पा ओसरीवर होते. मी सांगितलं. त्यांना पटेना.

"पण त्ये तर फोनवरनं इचारलं हुतं!"

"खातं एकच आहे, अप्पा. फोनवरून लिहा, कंप्युटरवरून लिहा, नाव तेच येतं."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"हिचं आसं समद्यांनी वाचलं?"

स्वतःचं हसू झालं, हे त्यांच्या मनातही नव्हतं. मी म्हणाले, "प्रश्न काढून टाकते मी."

"थांबा." त्यांनी मान खाली घातली. "उत्तर आलंय का कुणाचं?"

आलेलं नव्हतं. नुसती हसण्याची चित्रं होती.

मी त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसले आणि माझी वेणी सोडली. खालून विंचरत वर गेले. तीन पेड केले. हळूहळू घातली, पुन्हा सोडली, पुन्हा घातली. दोघांनाही इतकी लाज वाटत होती की जाताना मी मागं वळून पाहिलं नाही.

प्रश्न त्यांनी काढला नाही. पुढं केव्हातरी त्याखाली एक उत्तर आलं. अप्पांचंच होतं, आणि कंप्युटरवरून लिहिलेलं असणार, कारण शेवटी पूर्ण नाव आणि गाव होतं:

'तेल आधी तळहातावर कोमट करावे. गुंता खालून सोडवत वर जावे. घाई करू नये. दुखले तरी त्या बोलत नाहीत. पायाच्या अंगठ्याकडे बघावे. अंगठा वळला की थांबावे.'

त्याखाली कुणी हसलेलं नव्हतं.

ह्या उन्हाळ्यात अप्पा गेले. त्यांच्या दिवसकार्यात काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस मोकळे, तोंडावर आलेले. मी फणी घेऊन जवळ गेले तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी तळहातावर तेल घेतलं आणि ते कोमट होईपर्यंत थांबले. मग त्यांनी मान सरळ केली.

आता रोज जाते. फणी अडकली तरी काकू काही बोलत नाहीत. मी अंगठ्याकडे बघते.