ज्येष्ठमधाची सावली

हॉलंडातल्या हारलेममध्ये जुन्या चित्रांवरची काजळी लाळेने उतरवणारे निष्णात हात दोघांचेच, असं मार्लूस मानायची. दुसरं कोण, ते मात्र तिला आठवत नसे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा, चित्रावर अलगद लोळवायचा. तीन शतकांचा मळ काढायला बाटल्यांतल्या औषधांपेक्षा माणसाचं तोंड बरं, हे त्या धंद्यातलं जुनंच शहाणपण.

चार महिने ती एकाच चित्रापाशी होती. तान्हं मांडीवर घेऊन बसल्या बसल्या पेंगलेली बाई. मान कलंडलेली, टोपी सरकलेली, आणि बाळाच्या ओठाच्या कडेला दुधाचा थेंब, मोहरीएवढा. तो मळाखालून वर आला त्या दिवशी मार्लूसने पुढचं काम तसंच ठेवलं होतं. तिची पाच महिन्यांची लेक पीन अशीच दूध ओठावर ठेवून झोपायची, झोपलीच तर.

चित्र कुणाचं, याचा निकाल द्यायला आज लायडनहून चित्रपारखी डॉक्टर होख्लांड यायचे होते. संग्रहालयाच्या संचालिका विलेमीनबाईंनी आधीच बजावलं होतं: नाव मिळालं तर वरचं दालन, नाही मिळालं तर गावाबाहेरचं कोठार.

सकाळी शेवटचा हात फिरवताना मार्लूसच्या डोळ्यांवर झापड येत होती. कालव्याच्या पाण्यावरचा उजेड छतावर पाळण्यासारखा झुलत होता. जागं राहायला तिने ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या तोंडात टाकल्या, एकीमागून एक. चित्रातली बाई पेंगत होती, चित्रासमोरची बाई पेंगत होती, आणि कापूस आपला आपण फिरत होता.

डॉक्टर आले. भिंग लावून त्यांनी कानाची पाळी पाहिली, नखं पाहिली. सही कुणीही खोटी करील, पण नखं आपण कशी काढतो ते चित्रकाराला स्वतःलाही ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं. मग ते बाळाच्या गालापाशी थबकले.

"ही सावली बघा. उबदार, तपकिरी. जराशी ओलसरच म्हणा ना."

अशी सावली एकच माणूस घालायचा, योरिस व्हान डेर हेक. आईचं स्वप्न बाळाच्या गालावर उतरलंय, असंही ते म्हणाले. विलेमीनबाईंनी डोळे टिपले, केक सांगितला आणि वर्तमानपत्राला फोन लावला. मार्लूसलाही वरच्या दालनातली ती भिंत दिसू लागली, खिडकीतून तिच्यावर तिरपं ऊन येत होतं.

पण ही सावली काल नव्हती.

तिने दातांवरून जीभ फिरवली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. गप्प राहणं सोपं होतं. तोंड उघडायचं नाही, एवढंच.

"हा थेंब मात्र योरिसचा नव्हे," डॉक्टर म्हणाले. "असलं ओंगळ तो काढत नसे. मागाहून कुणा अडाण्याने डकवलाय. पुसून टाका, मार्लूस. आत्ताच."

तिने काडी उचलली, थेंबापर्यंत नेली. हात पुढे जाईना.

"डॉक्टर, ती सावली माझी आहे."

चार महिने एका चित्राच्या सहवासात राहिलं की असं वाटतंच, अशी त्यांनी मायेने समजूत घातली. शेवटी मार्लूसने जीभ बाहेर काढली. काळीकुट्ट. डॉक्टरांनी सवयीने तिच्यावरही भिंग धरलं.

तिने चूळ भरली, नवा कापूस घेतला. दोनदा फिरवताच आईचं स्वप्न कापसावर आलं.

"केक सांगून झालाय," विलेमीनबाई पुटपुटल्या.

डॉक्टरांचे कान लाल झाले होते. त्यांनी भिंग पुन्हा बाळाच्या ओठापाशी नेलं. "मग हे कुणाचं, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण थेंब राहू द्या. ज्याने काढलाय, त्याने तो जवळून पाहिलाय."

नाव नाही म्हणजे कोठार. मार्लूसने दोन दिवस विलेमीनबाईंचा पिच्छा पुरवला, तेव्हा खाली बाळांचे लंगोट बदलायच्या खोलीबाहेरची एक रिकामी खुंटी तिच्या पदरात पडली. वर 'चित्रकार अज्ञात' अशी पाटी.

वरच्या दालनात थोरामोठ्यांच्या चित्रांपुढे माणूस दहा सेकंदसुद्धा टिकत नाही. इथे समोरच्या बाकावर आया अर्धा अर्धा तास बसून असतात, हे मार्लूस कुणालाही अभिमानाने सांगते. त्यातल्या बहुतेक जणी गाढ झोपलेल्या असतात, हे सांगत नाही.