डावा पुढचा टायर

गणपती महिन्यावर आले होते आणि धोंडूअण्णा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डाव्या पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले होते. मुलगा सुयोगने ते वरून गॅलरीतून पाहिलं आणि तो पटकन आत सरकला.

"झिला, खाली ये!" अण्णा ओरडले. "ह्यो टायर कोणी खाल्लो?"

टायरची बाहेरची कड पार झिजून गुळगुळीत झाली होती आणि आतली बाजू मात्र जवळजवळ नवी. हा टायर कोणी खाल्ला, हे सुयोगला चांगलंच ठाऊक होतं. महिन्यातून एकदा, रविवारी, 'ऑफिसचं ट्रेनिंग' असं सांगून तो घाटापलीकडच्या एका रेसट्रॅकवर जायचा. तिथे आपलीच रोजची गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि पोटभर पळवायची. त्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवीकडची. उजवीकडे जोरात वळलं की गाडीचा सगळा भार डाव्या पुढच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो, आणि ती कड बिचारी डांबराला घासत मरते. पण हे घरी सांगणार कसं? या घरात सुयोग म्हणजे पिवळा सिग्नल दिसला की थांबणारा, रिक्षावाल्याला 'आधी तुम्ही' म्हणणारा गुणी मुलगा.

"खड्डे असतील, अण्णा," तो कसाबसा म्हणाला.

"खड्डे काय फक्त डाव्या बाजूक आसत?"

अण्णांनी त्याच पावली सुयोगला गाडी काढायला लावली आणि ती गोवंडीला चंदरच्या गॅरेजमध्ये नेली. चाकं सरळ आहेत की नाहीत ते तिथलं मशीन सांगतं. मशीनने सगळं हिरवं दाखवलं.

"गाडी झकास आहे, काका," चंदर म्हणाला. सुयोगला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय!

"गाडी चांगली, मगे वांदो चालवणाऱ्यात," अण्णांनी निकाल दिला.

गाडी चालवणारे घरात दोनच. सुयोग, आणि त्याची बायको अक्षता. तिने गेल्या वर्षीच लायसन्स काढलं होतं आणि ती रोज घाटकोपरहून मानखुर्दच्या शाळेत शिकवायला गाडी घेऊन जायची. यंदा गणपतीला गावापर्यंत गाडी तीच चालवणार होती. घरातली पहिली बाई! सासूबाई मालन यांनी गावच्या जावांना फोन करकरून ते सांगितलं होतं.

"अक्षता, शाळेत जाताना उजव्या हाताक वळणां किती?" अण्णांनी विचारलं.

तिने बोटांवर मोजली. "पाच."

"बघ! म्हणान डावो टायर गेलो."

"अहो अण्णा, तिथे गाडी पळतेच कुठे? डंपरच्या मागे रांगत जाते मी."

"रांगताना टायर असो जाता? नाय. यंदा सुयोग चालवतलो. तुझा फुडच्या वर्षी बघू."

अक्षताचे डोळे भरून आले. सुयोगला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगावं तर आपली वाट लागणार, आणि गप्प राहावं तर बायकोवरचा आळ जात नाही. शेवटी रात्री ताटावर त्याने डोळे मिटले आणि सांगून टाकलं.

"अण्णा, तो टायर मी खाल्ला. मी रेसट्रॅकवर जातो. ट्रेनिंग-बिनिंग काही नसतं."

आधी मालनबाई हसल्या, आणि अण्णांना तर हसता हसता ठसका लागला.

"तू? रेस?"

"बायकोचा आळ अंगावर घेतंय गं माझं लेकरू!" मालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सुयोगने घाईघाईने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अण्णांनी चष्मा वर-खाली केला. "डोक्यार बादली घातलेलो ह्यो कोण?"

"मीच!"

"असात, असात. भात खा."

आता मात्र सुयोग इरेला पेटला. रविवारी सकाळी तो तिघांनाही गाडीत घालून बाहेर पडला. चालवूनच दाखवतो, म्हणाला. ट्रॉम्बेच्या बाजूला रस्ता मोकळा मिळेल असा त्याचा हिशेब होता. मिळाला कचऱ्याचा ट्रक, तोही देवनारपर्यंत. मागून आलेला सायकलवाला पुढे गेला. पावाची पाटी घेतलेला माणूस चालत पुढे गेला. शेवटी एक मोकळं उजवं वळण आलं, सुयोगने दात-ओठ खाल्ले, आणि तेवढ्यात समोरून बकऱ्या आल्या. ब्रेक मारून तो शेवटचं करडू पलीकडे जाईपर्यंत थांबला.

"बघ अक्षता, असा चालवचा!" अण्णांची छाती फुगली. "सुयोग, दर आयतवारी तूच शिकव तिका. तू पास केलंस तर गावाक तीच चालवतली."

घरी आल्यावर आई-वडील लिफ्टने वर गेले. अक्षताने सुयोगला खालीच अडवलं.

"खरं बोलत होतास ना तू?"

"तुला कसं कळलं?"

"व्हिडिओत तोंड झाकलंयस, हातातली अंगठी नाही. वर्षभर ट्रेनिंगच्या थापा मारल्यास रे! आणि दोन दिवस माझ्यावर आळ आला तरी गप्प बसलास. लाज नाही वाटली?"

"वाटली गं. सॉरी. आत्ता वर जाऊन सांग तू त्यांना."

"मी सांगितलं तर काय, मलाही भात खा म्हणतील." तिने हात पुढे केला. "चावी दे. शिकवायचंय ना मला? तुझ्या ट्रॅकवरच शिकव."

"अक्षता, तिथे लोक फार जोरात..."

"लोकांचं सोड. तू बाजूला बसायचंस."

पुढच्या रविवारी मालनबाईंनी डबा दिला, अण्णांनी नव्या टायरला नमस्कार केला आणि सुनेला बजावलं, "तो सांगात तसाच चालव." दोघं संध्याकाळी परतली. सुयोगचा चेहरा पांढराफटक, आवाज पूर्ण बसलेला.

"काय रे, शिकली?" अण्णांनी विचारलं.

"पास! पहिल्याच दिवशी पास, अण्णा. गावाला तीच चालवणार. आता परत शिकवायची काही म्हणजे काहीच गरज नाही."

अक्षताने मागून येऊन चावी शांतपणे आपल्या पर्समध्ये टाकली.

"असं कसं, अण्णा? डावीकडची वळणं अजून राहिलीत ना."