शेवट सांगणाऱ्या गयाबाई सिस्टर

पडद्यावरची नायिका विहिरीच्या काठावर उभी होती. डोळे मिटलेले, एक पाय पुढं टाकलेला. सेलूच्या बाजारतळावर ठोकलेल्या त्या तंबूत चारपाचशे माणसं श्वास रोखून बसली होती. बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले होते. तेवढ्यात त्याच बाजूनं खणखणीत आवाज आला, "रडू नका गं बायांनो! मरत न्हाई ती! दीर येतो आन् धरतो!"

सगळा तंबू गार पडला. पडद्यावर दीर आला, त्यानं तिला धरलंही. पण ते कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांच्या माना ओरडणाऱ्या बाईकडं वळलेल्या. पांढरी सुती साडी, घट्ट अंबाडा, पन्नाशीची काटक बाई शांतपणे शेंगा सोलत बसलेली. मला मास्तर म्हणून सेलूत येऊन चारच दिवस झाले होते. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "दवाखान्यातल्या शिष्टर हायत, गयाबाई. काल येऊन बघून गेल्यात."

तंबूचा मालक दात-ओठ खात आला. या बाईला पुन्हा तिकीट द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं म्हणे. पण त्याच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं गयाबाईंच्या हातची. शेवटी तडजोड झाली. बाईंनी पार मागं, मशीनजवळ बसायचं आणि शेवटचा अर्धा तास पदर दातात धरायचा. बाईंनी ती अट बऱ्यापैकी पाळली.

घरी येऊन मी हा किस्सा सुनंदाला, माझ्या बायकोला, रंगवून सांगितला. ती म्हणाली, "अहो, हळू बोला. त्या आपल्या शेजारी राहतात."

दुसऱ्या दिवशी ओळख झाली. मी ओसरीवर शाळेच्या ग्रंथालयातली कादंबरी वाचत बसलो होतो. चाळीसेक पानं झाली असतील. गयाबाई दवाखान्यातून येत होत्या. "काय वाचायलाव, सर?" म्हणत त्यांनी पुस्तक हातातून घेतलं, थेट मागून उघडलं, उभ्या उभ्या शेवटची दोन पानं वाचली आणि माझ्या मांडीवर परत ठेवलं.

"नका वाचू हे. ह्याच्यात दोघं जात्यात. थोरला भाऊ आन् ती मास्तरीण."

 मला रागच आला. पण बाईंच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. रस्त्यातला खड्डा दाखवावा तसं त्यांनी मला सावध केलं होतं.

हळूहळू त्यांचा कायदा कळला. पुस्तक असो, सिनेमा असो, गयाबाईंचा पहिला प्रश्न एकच: "किती जात्यात?" पटकीची साथ आल्यावर सरकारी साहेब विचारतो तसा. कुणी जात नसेल तर बाई निवांत बसून बघणार, वाचणार. मग परत बघणार, परत वाचणार. कुणी जात असेल तर तिकडं ढुंकूनही पाहणार नाहीत. नवा सिनेमा आला की त्या आधी सुनंदाला पाठवायच्या. सुनंदा येऊन सगळं सांगायची, शेवट दोनदा सांगायची, आणि मग दुसऱ्या दिवशी गयाबाई केस विंचरून, शेंगांची पिशवी घेऊन निघायच्या.

याचं मला फार नवल वाटायचं. ही बाई दवाखान्यात काय काय पाहायची! शेतात कुऱ्हाड लागलेला पाय, सरकीच्या यंत्रात गेलेली बोटं, साप चावलेली माणसं. डॉक्टर रजेवर असले की सगळा दवाखाना एकटीच्या जिम्म्यावर. हात कधी थरथरला नाही. आणि कागदावरचा माणूस मेलेला मात्र चालायचा नाही.

एकदा रेडिओवर दर गुरुवारी एक श्रुतिका लागू लागली. ट्रान्झिस्टर आमच्याकडं, म्हणून बाई आमच्याकडं. पहिल्या भागाच्या शेवटी एक म्हातारा बेशुद्ध पडला आणि निवेदिका म्हणाली, पुढचं पुढच्या गुरुवारी. गयाबाई ताडकन उठल्या. "म्हंजे? ह्येला काय झालं ते सांगणार न्हाईत?" दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओवाल्यांना चक्क उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड पाठवलं. मजकूर मीच लिहून दिला, त्यांच्या सांगण्याबरहुकूम: "म्हातारा वाचतो किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे. वाचत नसल्यास तसे कळवावे, म्हणजे आम्ही ऐकणार नाही." उत्तर आलं नाही. पुढचे सगळे गुरुवार बाईंनी मुद्दाम दवाखान्यात ड्यूटी मागून घेतली. श्रुतिका संपल्यावर मी सांगितलं, म्हातारा ठणठणीत आहे. तेव्हा एका रविवारी त्यांनी माझ्याकडून सगळे भाग एका बैठकीत ऐकले आणि खूश होऊन चहा केला.

त्यांच्या स्वतःच्या घरात पुस्तक एकच. जुनी कादंबरी, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली, कोपरे गोल झालेली. सुटीच्या दुपारी दारात चटई टाकून तेच वाचत बसायच्या.

"कितव्यांदा वाचताय, सिस्टर?"

"मोजलं न्हाई. तुमी जेवलेलं मोजता का?"

"पण तेच तेच वाचून कंटाळा येत नाही?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सर, तुमी सुट्टीत गंगाखेडला आईकडं जाता. तीच आई, तेच घर, तेच पिठलं. कंटाळा येतो?"

 

पुढच्याच वर्षी सुनंदाला दिवस गेले. तिचे महिने भरत आले तेव्हा नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून मराठवाडा पेटला होता. खेड्यापाड्यांत दलितांच्या वस्त्या जळत होत्या. अशाच एका जळालेल्या वस्तीत गयाबाई दोन दिवस एका बाळंतिणीपाशी राहून आल्या. गल्लीतल्या एकानं आवाज चढवून विचारलं, "तिथं कशाला गेलात?" बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पोर काय जात इचारून येतं का? त्याची यळ झाली, ते आलं." तो माणूस पुढं कितीतरी दिवस त्यांच्यासमोरून गेला नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी सुनंदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. गाव बंद, रस्त्यावर दगड, एसटी आगारात उभ्या. परभणीला न्यायची सोय नाही. दवाखान्यातले डॉक्टर बाहेरगावी अडकलेले. मी धावत शेजारी गेलो. गयाबाईंनी काही विचारलं नाही. हात धुतले, पिशवी उचलली आणि आमच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

आठ वाजले होते. दहा झाले. बारा झाले. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. बाई गरम पाणी न्यायला बाहेर आल्या तेव्हा मी त्यांची वाट अडवली. "सिस्टर, काय होईल? सांगा ना."

साऱ्या गावाला शेवट सांगत फिरणारी ती बाई माझ्यावर अशी खवळली, की मी दोन पावलं मागं सरलो.

"मला काय म्हाईत? मी काय देव हाय? सरका तिकडं!"

दार पुन्हा लागलं.  आतून सुनंदाचं विव्हळणं ऐकू येत होतं आणि त्याखाली गयाबाईंचा संथ आवाज. त्या काहीतरी सांगत होत्या. लांबलचक, न थांबता. चारच्या सुमाराला तो आवाज थांबला आणि एक बारीक, चिडका आवाज सुरू झाला. मुलगी झाली होती.

रात्रभर मी काय बोललो, काय केलं, मला आठवत नाही. दोन दिवसांनी सुनंदा उठून बसली तेव्हा म्हणाली, "त्यांनी मला ती कादंबरी सांगितली हो. पहिल्यापासून."

कमल नावाच्या सुनेची गोष्ट. नवरा फौजेत, कमल पोटुशी, सासू खाष्ट. नवरा येत असल्याचं पत्र येतं. मग कमलला मुलगी होते, नवरा वेशीत शिरतो तेव्हा सासूच पेढे वाटत असते. "मी म्हटलं, कमल सुटली तर मीपण सुटेन," सुनंदा म्हणाली. "त्या शेवटाला येईतो मी कळा सोसल्या." ती गोष्ट तिनं मला पुढच्या महिन्यांत दहा वेळा सांगितली.

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास शाळेच्या कामानं मी परभणीला गेलो. स्टेशनच्या रस्त्यावर एकजण जुनी पुस्तकं मांडून बसला होता. त्यात तीच कादंबरी! सिस्टरांची प्रत पार फाटलेली. ही चांगली धडधाकट होती. मला एवढा आनंद झाला, की मी घासाघीस न करता घेतली. परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून वाचू लागलो. सगळं सुनंदानं सांगितल्यासारखंच. खाष्ट सासू, फौजेतला नवरा. पेडगाव स्टेशन गेलं. पत्र आलं. कमल ते हातात घेऊन दारात उभी राहिली. आता पेढे, असं म्हणत मी पान उलटलं.

पेढे नव्हतेच. कमल अडली. दोन दिवस अडली आणि गेली. बाळही गेलं. नवरा आला तेव्हा नदीकाठची राख निवली होती.

 मी ते पान पुन्हा वाचलं. मानवत रोड कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. माझी बायको जी गोष्ट धरून तगली होती, ती अशी होती? मी स्वतःची समजूत घातली: सिस्टरांच्या जुन्या प्रतीची शेवटची पानं गळाली असतील, त्यांना ठाऊकच नसेल. मग हे पुस्तक त्यांना द्यायचं नाही. पिशवीत तळाशी घातलं, वर सुनंदानं मागवलेलं कापड ठेवलं आणि घरी आलो.

गयाबाई आमच्याच ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय आणलं आमच्या बाईसाठी?" म्हणत त्यांनी पिशवी ओढली, कापड काढलं आणि खालचं पुस्तकही काढलं. मी घाईनं हात पुढं केला, पण उशीर झाला होता. सुनंदा आत चुलीपाशी होती.

बाईंनी पुस्तक उघडलं नाही. नुसतं हातावर तोललं.

"हे जाड हाय," त्या म्हणाल्या.

मी पुढं केलेला हात मागं घेतला. "सिस्टर, तुमच्या प्रतीची पानं गळालीत वाटतं..."

"गळाली न्हाईत. मी कापली. ब्लेडनं."

त्यांनी आतल्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"माझी धाकटी बहीण होती, मथुरा. सोनपेठाकडं दिली होती. मी तवा नर्सच्या ट्रेनिंगला. तिला दिवस गेलते, घरात एकटीला करमंना, म्हणून मीच हे पुस्तक नेऊन दिलं. पुन्हा गेले तवा ना ती, ना लेकरू. उशाखाली पुस्तक होतं. कमलला पत्र येतंय ना, त्या पानाला तिनं केसातला आकडा लावलेला. तितवर वाचून झालं होतं तिचं."

पोरगी त्यांच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी खेळत होती.

"तितनं पुढं मी वाचलं. म्हनलं, निदान कमल तरी सुटली असंल."

 सेलूच्या आधीची धरून सहा-सात वर्षांच्या नोकरीत मी शेकडो पोरांना गोष्टी शिकवल्या. पण गोष्टीकडून कुणी एवढं मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मग आकड्यापासनं पुढचं कापून टाकलं. तितवर मथी हाय, सर. तितवर वाचती मी."

"आणि सुनंदाला सांगितलात तो शेवट?"

"मग काय सांगू? अडलेल्या बाईला म्हनू का, कमल मेली म्हनून?" त्यांना एकदम हसू आलं आणि पदरानं त्यांनी डोळेही पुसले. पुस्तक माझ्या हातात दिलं. "हे ठिवा तुमच्याकडं. तुमी मास्तर, तुमाला समदं वाचावं लागतं. सुनंदाला दाखवू नका मातर."

तेवढ्यात गल्लीत बैलगाडी येऊन थांबली. देवगाव फाट्याकडचा एक शेतकरी घामाघूम होऊन उतरला. "शिष्टरबाई हायत का? सुनंला कळा सुरू झाल्यात. पहिलटकरीण हाय. पाय आधी आल्यागत वाटायलंय म्हनती सुईण."

गयाबाईंनी पोरीला माझ्या हातात दिलं, शेजारी जाऊन पिशवी आणली आणि चपला अडकवल्या. मी गाडीपर्यंत मागोमाग गेलो. इतकी वर्षं ही बाई रोज अशीच, शेवट माहीत नसताना निघत होती आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"सिस्टर," मी म्हणालो, "भीती वाटत नाही तुम्हाला?"

त्या चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"लय वाटती," त्या म्हणाल्या, आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हाण लवकर."