बत्तीस जणांचं समूहगान

गाणं प्रत्येकाच्या गळ्यात असतं. ते बाहेर पडू नये म्हणून भिंत, शेजारी आणि बायको अशा तीन यंत्रणा अहोरात्र राबत असतात. चष्म्याच्या दुकानाचे मालक, वय वर्षं एकोणसाठ, यांच्या बाबतीत तिन्ही चोख होत्या. न्हाणीघरात त्यांनी 'आ' लावला की बाहेरून विचारणा व्हायची, "अहो, नळ बिघडला का?"

म्हणून वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सर्वांसाठी खुली ऑपेरा कार्यशाळा निघाली, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी नाव घातलं. (ऑपेरात माणूस छातीत सुरा घुसल्यावरही नऊ मिनिटं गातो. कोणी डॉक्टर बोलावत नाही. बोलावलाच तर तोही गातो.) बायकोला एकदा तरी आपलं गाणं गाणं म्हणून ऐकवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नियमावली उदात्त होती. कोणालाही नाकारलं जाणार नाही, कोणालाही दुखावलं जाणार नाही, आणि कार्यक्रम चांगलाच होईल. हे तिन्ही एकदम जमत नाही, असं अडाणी लोक म्हणतात. गायनशिक्षिका बाईंनी जमवून दाखवलं. चार महिने बत्तीस सभासद जीव तोडून गायले. त्यांतले सुरात किती, हा आकडा बाईंनी शेवटपर्यंत गोपनीय ठेवला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी चष्मेवाल्यांना जिन्यात गाठलं. "तुमच्यावर खास जबाबदारी आहे. उद्या फक्त ओठ हलवायचे. आवाज बाकीचे सांभाळतील. आणि कोणाला बोलू नका हं, उगाच हेवेदावे होतात."

चष्मेवाले "बरं" म्हणाले. जिन्यात त्या दिवशी जरा जास्तच वर्दळ होती, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पियानो सुरू झाला, बत्तीस तोंडं उघडली आणि कुठूनच काही आलं नाही. पोस्टमास्तर बेकरीवालीकडे कौतुकानं बघत होते, बेकरीवाली दंतवैद्याकडे. प्रेक्षक गहिवरले. "काय संयत गायकी!" कोणीतरी रुमाल काढून म्हणालं. "हल्ली असं कुठे ऐकायला मिळतं?"

सातव्या मिनिटाला चष्मेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर तिसऱ्या रांगेत बायको कानामागे हात धरून पुढे वाकली होती, एवढ्या गर्दीतून नवऱ्याचा आवाज वेगळा काढायला. मग मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी छाती भरून 'आ' लावला. सूर भलतीकडे गेला, पण आवाज खणखणीत होता.

सभागृह दचकलं. चौथ्या रांगेतून कोणीतरी डाफरलं, "शूऽऽ! गाणं चालू आहे, कळत नाही?"

बायको गर्रकन मागे वळली. "अहो, गाणं आत्ता चालू झालंय! आमचे हे गातायत!"

अधिकृत अहवालात नोंद आहे : 'एक आवाज वगळता कार्यक्रम निर्दोष.' चौथ्या रांगेतल्या त्या जाणकाराचं नाव अहवालात नाही, आम्हीही सांगणार नाही. सात मिनिटं तुम्ही मान मात्र झकास डोलावलीत.