पुली, पट्टी आणि अर्नोचं कुलूप

ते १९८६ साल. त्या वर्षी आकाशात शेपटीवाला तारा आला आणि बार्लो गावात अवजारांच्या शेडला पहिलं कुलूप लागलं. ताऱ्याबद्दल लोक चार दिवस बोलले. कुलपाबद्दल अजून बोलतात.

कुलूप अर्नो नॉस्केने लावलं. त्याचं मूळ मात्र त्याच्या बायकोच्या, हिल्डाच्या, उजव्या खांद्यात होतं. जर्दाळू काढताना ती शिडीवरून पडली आणि तेव्हापासून घरच्या चौसष्ट सालच्या मोटारीचं स्टिअरिंग तिला वळवेना. मोटार कसली, चाकं लावलेलं कपाटच ते. हिल्डाची बहीण एर्ना शंभर किलोमीटरवर राहायची. एर्ना आणि अर्नो यांचं एका लग्नातल्या भाषणावरून बिनसलं होतं. त्याला पंचवीस वर्षं झाली तरी तो तिच्या दारात जायला तयार नव्हता. बसही बंद पडलेली. तीन वर्षांत हिल्डाने बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि येत्या रविवारी एर्ना सत्तरीची होणार होती.

"स्टिअरिंग एका बोटाने फिरेल असं करून देतो," अर्नोने छाती पुढे काढून सांगितलं. "हवं तर करंगळीने फिरव."

त्याने थकलेलं इंजिन उपसून काढलं आणि अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन त्याजागी बसवलं. त्याच्याच जोडीचा पॉवर स्टिअरिंगचा पंपही लावला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. शेजारच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत, इतकं जोरात सुरू झालं. फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. पंपाची पुली इंजिनाच्या पुलीच्या रेषेत नव्हती. फरक इतकुसाच, पण त्यामुळे दोन्ही पुलींवरून फिरणारा बेल्ट तिरका धावायचा, सुरी पाहिलेल्या डुकरासारखा किंचाळायचा आणि पहिल्याच वळणावर उडून पडायचा. बेल्ट उडाला की स्टिअरिंगचं पुन्हा कपाट.

"अर्ध्या तासाचं काम आहे," अर्नो म्हणाला. हे झालं एर्नाच्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधी, शनिवारी.

अर्नोकडे त्याच्या वडिलांची लोखंडी पट्टी होती. वडील गावचे गवंडी. चर्चचा पोर्च, शाळेच्या भिंती, खुद्द नॉस्केंचं घर, सगळं त्या पट्टीच्या धाकात उभं राहिलेलं. ती दोन्ही पुलींच्या तोंडावर आडवी धरायची, फट दिसली की पंपामागे वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालायचे किंवा काढायचे, एवढंच काम. रविवारी चर्चला निघण्याआधी त्याने मापलं, तर मधून केसही गेला नसता. प्रार्थनेहून परतल्यावर हौसेने पुन्हा पट्टी लावली, तर पुली चक्क दोन वायसर पुढे! त्याने वायसर काढले. जेवून आला, मापलं, तर आता पुली मागे.

अर्नो घरात आला तेव्हा त्याचा चेहरा पोलिसासारखा झाला होता.

"पुली आपल्या पायांनी चालत नाही, हिल्डा. कुणीतरी हलवतंय."

कोण, हे शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. शेजारी क्लेम झ्वार. दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती. पण क्लेमकडेही जुनी मोटार होती, आणि चेपलेल्या गाडीच्या त्याच इंजिनावर त्याचाही डोळा होता. अर्नोने ते एक दिवस आधी उचललं होतं. आता अर्नोला सगळं आठवायला लागलं. क्लेम शुक्रवारी शेडच्या दारात उभा राहून "छान बसलंय रे" म्हणाला होता. छान म्हणताना हसला होता. निरपराध माणूस कशाला हसेल?

मंगळवारी अर्नोने दुकानातून कुलूप आणलं आणि दुपारच्या आत ते गावभर झालं. बार्लोमध्ये शेडला कुलूप लावायची रीतच नव्हती. कुणाला करवत लागली तर त्याने शेजाऱ्याच्या शेडमधून न विचारता न्यावी आणि रिकाम्या खिळ्याला काकडीच्या लोणच्याची बरणी नाहीतर डझनभर अंड्यांची पिशवी अडकवून जावी, असा कारभार. त्यामुळे कुलपाआड काय असेल यावर तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, अर्नो दारू गाळतोय. कुणी म्हणालं, इंजिन चोरीचं आहे. बुधवारी पास्टर आले, दोन कप कॉफी प्यायले आणि जाता जाता हिल्डाला हळूच म्हणाले, "घरात सगळं ठीक आहे ना? नवराबायकोत?"

हिल्डाने ठीक आहे म्हणून सांगितलं. पण पास्टरांची पाठ वळली आणि तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. क्लेमला कशाला पडलंय कुणाची पुली हलवायचं? तिने एर्नाकडे जाऊ नये असं वाटणारा माणूस गावात एकच होता, आणि आता किल्लीही त्याच्याच खिशात होती.

तेव्हापासून ती शिवणयंत्र खिडकीशी ओढून बसली. गावाचे फ्रॉक आणि पडदे तीच शिवायची. टिपेगणिक एक नजर शेडवर. अर्नो किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, हात किती काळे होते. त्या आठवड्यात पास्टरांच्या बायकोच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या.

क्लेमने बुधवारीच कुलूप पाहिलं होतं. मोठा पाना न्यायला आला, कुलूप एकदा हातात धरून पाहिलं आणि पाना न घेताच परत गेला. गुरुवारी सकाळी हिल्डाने पाहिलं, तर बंद दारासमोर गवतात सामान मांडलेलं. तीस वर्षांत क्लेमने अर्नोकडून नेलेली प्रत्येक वस्तू त्यात होती. पाने, करवती, शिडी, सिमेंट कालवायचं पिंप, एकच दात उरलेलं दंताळं, आणि कुणालाच आठवत नसलेली बाळाची पाळणागाडी. सगळं पुसून, तेल लावून, ओळीने.

अर्नो त्या ओळीकडे पाहत राहिला. "बघ," तो म्हणाला, पण त्या 'बघ'मध्ये काही दम नव्हता. "मनात पाप आहे म्हणूनच सगळं आणून ठेवलं."

"पाप कुणाच्या मनात आहे ते मला कळतंय," हिल्डा म्हणाली. "तूच हलवतोस ना ती पुली? मी एर्नाकडे जाऊ नये म्हणून?"

 अर्नो इतका चिडला की किल्ली कुलपात शिरेना. तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि त्याने तिला हाताला धरून गाडीच्या नाकासमोर उभं केलं. तिच्या डोळ्यांदेखत पट्टी पुलींवर धरली. फट नव्हती.

"दिसतंय? आता तू इथून हलू नकोस, मी हलत नाही. बघू कोण येतं."

दोघं समोरासमोर उलट्या बादल्यांवर बसली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण एकमेकांकडे इतकं टक लावून त्यांनी लग्नाआधीही पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासाने अर्नो उठला, जमिनीवरची पट्टी उचलून पुन्हा लावली. पुली दोन वायसर मागे.

कोणीच आलं नव्हतं.  पास्टरांना बोलवावं का, असं अर्नो पुटपुटलाही.

हिल्डाचं लक्ष मात्र पट्टीकडे होतं. मघाशी पट्टीवर कोरलेली सासऱ्यांची आद्याक्षरं वर होती, आता ती खाली होती. तिने पट्टी मागून घेतली, बाकावर ठेवली आणि एप्रनच्या खिशातल्या खडूने कडेने रेघ ओढली. मग पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून दुसरी रेघ ओढली. नवी पट्टी कापडाला लावण्याआधी ती नेहमी अशीच पारखायची. सरळ पट्टीच्या दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. इथे दोन रेघांच्या मधून उंदीर आरामात गेला असता.

"पट्टी वाकडी आहे, अर्नो. एका अंगाने धरलीस की पुली पुढे दिसते, दुसऱ्या अंगाने धरलीस की मागे."

अर्नो मटकन बादलीवर बसला. "बाबांची पट्टी," तो म्हणाला. मग पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत, "म्हणजे चर्चचा पोर्च..."

हिल्डा सांत्वनाला तोंड उघडणार, तोच तिला मार्च महिना आठवला. काकडीच्या लोणच्याच्या पिंपाचं झाकण फुगून अडकलं होतं. खांद्यात जोर नव्हता, म्हणून तिने शेडमधून हाताला लागलेलं पहिलं लोखंड आणून झाकणाखाली सारलं आणि त्याच्या दुसऱ्या टोकावर ती सबंध बसली होती. झाकण झकास निघालं होतं. तिने तोंड मिटलं.

मग तिने शिवणाचा जाड दोरा आणला. ताणलेल्या दोऱ्याला वाकडं होता येत नाही. इंजिनाच्या पुलीवरून दोरा ताणला तेव्हा पंपाची पुली खरोखर किती आत आहे ते स्वच्छ दिसलं. वायसरांनी भागणार नव्हतं, पुली दांड्यावरच चार मिलिमीटर बाहेर ओढायला हवी होती. त्याला पुलर, म्हणजे पुली ओढायचं हत्यार, लागतो, आणि सगळ्या बार्लोत पुलर एकाकडेच होता.

अर्नो बिअरचं खोकं खांद्यावर घेऊन क्लेमच्या अंगणात गेला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, पण क्लेमने बोलूच दिलं नाही.

"पुलर कुठे टांगलाय ते तुला ठाऊक आहे, म्हाताऱ्या. माझ्या शेडला कुलूप नाही."

अर्नोने पुलर नेला आणि रिकाम्या खिळ्याला कुलूप आणि त्याची किल्ली अडकवली. संध्याकाळपर्यंत पुली रेषेत आली. क्लेम बाजूला उभा राहून सूचना करत होता, त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या, आणि अर्नोने एकही खोडली नाही.

रविवारी हिल्डा एकटी एर्नाकडे गेली. बेल्ट किंचाळला नाही, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं.

पुढचं म्हणाल, तर क्लेम आणि अर्नो पुन्हा एकमेकांच्या शेडमध्ये न विचारता शिरू लागले. ते थेट क्लेम वारला त्या वर्षापर्यंत. पास्टर बदलून गेले, त्यांची बायको तो ब्लाउज जाकिटाखाली घालत राहिली. अर्नो मरेपर्यंत चर्चच्या पोर्चपाशी एक डोळा मिटून थांबायचा. लोकांना वाटे, भक्तिभावाने. हिल्डा दरवेळी त्याला पिंपाचं सांगायचं ठरवायची आणि दरवेळी तो तिच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा असायचा. मग राहूनच जायचं.

आणि एर्ना? तीन वर्षांनी भेटलेल्या बहिणी गळ्यात गळा घालून रडल्या, केक खाल्ला, आणि आईच्या लोणच्यात द्राक्षाची पानं वर घालायची की खाली, यावरून चार वाजता त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. हिल्डा तडक उठली आणि गाडीत बसली. एर्नाच्या त्या चिंचोळ्या अंगणात तिने गाडी एका फटक्यात उलटी फिरवली. करंगळीने.