छापखान्यामागचा अर्धा तास

गाडीच्या विम्यात सवलत मिळवावी, हा विचार मुळात माझा. (आमच्या घरात ज्या विचारांचं पुढे वाटोळं होतं, ते बहुतेक माझेच असतात.) विम्याचा माणूस घरी आला, त्याने बॅगेतून काडेपेटीएवढी काळी डबी काढली आणि म्हणाला, "ही स्टिअरिंगच्या खाली खोचायची. गाडी कुठे जाते, किती जोरात जाते, ब्रेक कसा लागतो, सगळं आम्हाला आपोआप कळतं. नीट चालवलीत की हप्ता कमी."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवणार?"

"छे, छे. आम्ही फक्त गाडीवर लक्ष ठेवतो."

मला हे पटलं. गाडीत मीच बसलेला असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्याने मोबाइलवर एक लांबलचक मजकूर दाखवला. मी तो अंगठ्याने भराभर वर ढकलला आणि तळाशी 'मान्य' दाबून टाकलं. (मी कचेरीत खिडकीवर बसतो आणि दिवसभर लोकांना 'आधी वाचा, मग सही करा' म्हणून झापतो.) पॉलिसी बायकोच्या नावावर असल्यामुळे डबीचा रोजचा रिपोर्ट बायकोच्या मोबाइलवर जाणार होता. ते 'मान्य'च्या वरच लिहिलेलं होतं म्हणे.

आता एक गोष्ट सांगतो, ती कृपा करून आमच्या घरी बोलू नका. रोज संध्याकाळी कचेरीतून सुटलो की मी थेट घरी जात नाही. वाटेत एक बंद पडलेला छापखाना आहे. त्याच्या मागे गाडी लावतो, काचा वर करतो, सीटची पाठ मागे पाडतो आणि अर्धा तास नुसता पडून राहतो. बस्स. बाई नाही, बाटली नाही. फार तर एक बिस्किटांचा पुडा. दिवसभर खिडकीवर लोक ओरडतात. घरी आईची मालिका असते, मुलाखतीची तयारी म्हणून भिंतीशी मोठ्याने बोलणारी मेहुणी असते, आणि दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करणाऱ्या बायकोला दिवसभरातला प्रत्येक दात मला सांगायचा असतो. मधला अर्धा तास तेवढा माझा. तो गेला तर मी कुणाला तरी चावेन, असं मला खरंच वाटायचं. घरी मात्र मी उशिराचं कारण 'ट्रॅफिक' असं देत आलो होतो.

पहिल्याच संध्याकाळी बायकोने मोबाइल नाकाजवळ धरून वाचलं, "वाहन उभे. इंजिन बंद. ठिकाण, जुन्या छापखान्यामागे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद करता तुम्ही?"

"पेट्रोल वाचतं."

"आणि छापखान्याच्या मागे ट्रॅफिक असतो?"

"हल्ली सगळीकडेच असतो गं."

"हं," बायको म्हणाली. आमच्या बायकोचं 'हं' म्हणजे फाइल बंद झाली असं नव्हे, फाइल उघडली असं.

रात्री मला झोप लागेना. अर्धा तास वाचवायचा तर डबीला ट्रॅफिक दाखवायला हवा होता. आणि सकाळी जिना उतरताना मला खालच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. मास्तर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शहरात त्यांच्याइतका सभ्य ड्रायव्हर नाही. गल्लीत मांजर आडवं आलं तरी ते आधी इंडिकेटर देतात. शिवाय त्यांची गाडी रोज संध्याकाळी छापखान्यावरूनच पुढे जाते, ती भर बाजारातून फिरत असणार, म्हणजे ट्रॅफिकही अस्सल. मला माझ्याच बुद्धीचं कौतुक वाटलं. छापखान्यापाशी डबी काढायची, मास्तरांच्या गाडीत खोचायची, अर्ध्या तासाने परत घ्यायची.

"कशासाठी, ते विचारू नका," मी म्हणालो.

"मी गाडी शिकवतो," मास्तर म्हणाले, "प्रश्न विचारत नाही."

त्या आठवड्यात मी इतका सुखाने पहुडलो की एकदा चक्क घोरलो. बायको रोज रिपोर्ट वाचून नुसतं 'हं' म्हणायची, मी तिकडे लक्ष दिलं नाही. एक साधी गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तर शेजारी बसतात. गाडी विद्यार्थी चालवतात.

शनिवारी विमा कंपनीचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला. आईने मालिकेचा आवाज बंद केला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा.

"मॅडम," पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सकाळचं ड्रायव्हिंग ठीक आहे. संध्याकाळी गाडी कोण चालवतं? आमच्या यंत्राच्या अंदाजाने ती व्यक्ती एक तर पंधरा-सोळा वर्षांची असावी, नाही तर नव्वदीच्या पुढची."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" आई म्हणाली. "मी इथून हलले तरी का?"

"गाडी एकाच मैदानाला गोल गोल फेऱ्या मारते," मुलगी सांगत होती. "मध्येच बंद पडते. चढावर मागे येते. काल बराच वेळ उलटीच चालत होती. आणि मॅडम, एकाच वेळी दोन ठिकाणांहून ब्रेक दाबल्यासारखा वाटतो, तो प्रकार आमच्या इंजिनिअरांनाही कळलेला नाही. घरात सगळं ठीक आहे ना?"

मेहुणी हळूच म्हणाली, "ताई, भावजी कुणाला तरी गाडी शिकवतायत."

"कुणाला?" आई.

"तेच तर."

बायको फक्त माझ्याकडे बघत होती, आणि मला तर शंका आली की ती हसू दाबतेय. माझ्यापुढे दोनच रस्ते होते. छापखाना कबूल करायचा आणि अर्धा तास कायमचा घालवायचा, नाही तर अब्रू द्यायची. इतकी वर्षं गाडी चालवली, एक साधा ओरखडा नाही, याचा मला भयंकर अभिमान. तो मी गिळला.

"मीच चालवत होतो," मी म्हणालो. "हल्ली संध्याकाळी मला क्लच सापडत नाही."

फोनवरची मुलगी पूर्वीपेक्षाही गोड आवाजात म्हणाली, "सर, असं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मान्यताप्राप्त स्कूलमध्ये पुन्हा शिकून परीक्षा द्या, तोपर्यंत तुम्ही चालवलेल्या गाडीला विमा लागू नाही." तिने मोठ्या आपुलकीने सगळ्यात जवळच्या स्कूलचा पत्ताही दिला. खालचा मजला.

सोमवारपासून कचेरी सुटली की मी मास्तरांच्या गाडीत. छतावर शिकाऊचा भलामोठा लाल बोर्ड.

"याआधी कधी गाडी चालवलीय?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, तुम्ही तरी."

"शिकाऊ माणसाला प्रश्न विचारावेच लागतात. आरसा बघा."

मी मैदानाला फेऱ्या मारू लागलो. कचेरीतले दोन शिपाई कुंपणाला टेकून रोज बघायला यायचे. मास्तर आपल्या पायाखालचा ब्रेक उगाचच दाबायचे, सवयीने. एकदा फाटकापाशी मागून आलेल्या सायकलवाल्या बाईंनी मला "हळूहळू जमेल हो" असा धीर दिला. अर्धा तास तर गेलाच होता, वर अब्रूही गेली होती. मी अगदी रडकुंडीला आलो.

गाडी आता बायको नेऊ लागली. तिने तो रिपोर्ट माझ्याही मोबाइलवर सुरू करून दिला. "माझं बघून शिका," म्हणाली. मी खरं तर बघणार नव्हतो. माणसाला काही स्वाभिमान असतो. पण बुधवारी मैदानातून दमून घरी आलो, बायको अजून आलेली नव्हती, आणि मोबाइल टुणकन वाजला.

'वाहन उभे. इंजिन बंद. ठिकाण, जुन्या छापखान्यामागे. आजचे गुण शंभरपैकी शंभर. अभिनंदन.'

मी ते पुन्हा वाचलं. गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच. दिवसभर त्या दाताच्या मशीनचा आवाज ऐकणारी बाई, असा विचार मनात आला आणि मला एकदम तिची दया आली. दुसऱ्याच क्षणी भयंकर राग आला, कारण जागा माझी होती.

ती आली तेव्हा चेहरा कसा टवटवीत होता. पदराला बिस्किटाचा चुरा लागला होता.

"उशीर झाला गं?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"ट्रॅफिक," बायको म्हणाली.

"हं," मी म्हणालो. (माझ्या 'हं'ला कुणी विचारत नाही.)

तिने पर्स टेबलावर ठेवली, किल्ली खुंटीला लावली आणि आत जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, त्या सीटची पाठ पूर्ण मागे जातच नाही. खटका कुठे आहे?"

"उजवीकडे, खाली," मी चटकन म्हणालो. "नुसता ओढू नकोस, आधी पाठीने जरा रेटायचं, मग तो सुटतो."

"वाटलंच मला," बायको म्हणाली, "तुम्हाला बरोबर माहीत असणार."