खोऱ्यातील खाणविद्यालय दर्याकाठच्या महापीठास मिळाले त्याची हकीकत

श्री. विद्येच्या देवतेस नमन, आणि जिच्या पायी खडूची धूळ पडते त्या जमिनीसही नमन. शके अठराशे ब्याण्णव, साधारण नाम संवत्सरे, भाद्रपद मासी सातासमुद्रापार पश्चिमेच्या डोंगरी मुलुखात विद्यापीठांची मिळवणी जाहली, तेसमयीचे वर्तमान ऐसे जे: दर्याकाठचे महापीठ मोठे मातबर, त्याने आधी शेतकीची पाठशाळा घेतली, मग नौकाविद्येची घेतली, मग शिक्षक घडविणारी घेतली, आणि दर पाठशाळेबरोबर एकेक कुलगुरू आला, ते तिघे एका मेजाशी बसत आणि पहिला चहा कोणास द्यावा यावर दोन प्रहर मसलत चाले. ऐशात कोळशाच्या खोऱ्यात खाणविद्या व यंत्रविद्या शिकविणारे एक जुने विद्यालय होते, त्याच्या मुख्य मेरेरिदबाई. बाई खाणकामगाराची लेक, सकाळची प्रार्थना जाहल्यावाचून तोंडात पाणी घेत नसत, बोलणे अगदी हळू, परंतु धरले ते सोडणे ठाऊक नाही. विद्यालयाची रीत ऐसी की खाणीतील पहिली पाळी दोन वाजता सुटे, मंडळी न्हाऊन थेट येत, चार वाजता वर्ग भरे, आणि या वर्गातून कैक कामगार इंजिनियर होऊन निघाले.

मग दर्याकाठाहून खलिता आला की विद्यालय महापीठात मिळवावे, इमारतीस कुलूप घालावे, शिष्यांनी चारच्या वर्गास तेथे यावे, नकाशावर पट्टी ठेवून पाहता अंतर अवघे नऊ मैल. पंपांचे शास्त्र शिकविणारे वृद्ध इदवालराव संतापले आणि म्हणाले, "बाई, त्यांच्या दारात जाऊन बसू!"

बाई म्हणाल्या, "बसायचं नाही, इदवालराव. त्यांना उठवायचं."

आणि उत्तर धाडिले की आज्ञा मान्य, फक्त कारभाऱ्यांनी एक दिवस आमच्या शिष्यांसवे वर्गास जावे. कारभारी एमरिससाहेब, माणूस भला, नवे बूट घालून दोन वाजता खाणीच्या फाटकाशी हजर जाहले, आणि बाईही सवे निघाल्या. त्या मुलुखाची ठेवण ऐसी की खोरी शेजारी शेजारी आणि मध्ये डोंगर भिंतीसारखे, पलीकडे जाणे तर खोऱ्याच्या मुखापर्यंत उतरावे, तेथे बस बदलावी, किनाऱ्याने वळसा घ्यावा, मग पुन्हा बस बदलून नगराची चढण चढावी. दुसऱ्या बसची वाट पाहता ग्विलिम नामे कामगार अदबीने म्हणाला, "साहेब, नऊ मैल मघाशीच संपले बरं का."

"मग हे कुठले चालू आहेत?"

"हे पट्टीखालचे."

मंडळी हसली, साहेबही हसले, परंतु महापीठाच्या दारी पोचले तो पाच वाजून गेलेले, आणि पहारेकरी म्हणाला, "वर्ग सुटला. उद्या लवकर या."

"उद्या लवकर यायचं तर आत्ताच निघायला हवं," ऐसे बोलून ग्विलिम पायरीवर टेकला आणि तेथेच त्यास झोप लागली, कां की तो पहाटे चारपासून उठलेला. साहेब त्याजकडे पाहात उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "बाई, वर्ग खोऱ्यातच राहू दे. पण मिळवणी मी थांबवू शकत नाही. नाव जाईल, तुमचं पदही जाईल."

त्या विद्यालयाचे दगड बाईंच्या वडिलांनी सोबत्यांसवे सुटीच्या दिवशी वाहिलेले, आणि नाव त्यांनीच सर्वांनी मिळून ठेविलेले. बाईंनी पिशवीतून कागद काढून साहेबांपुढे धरिला. मग म्हणाल्या, "नाव घ्या. पद घ्या. चारचा वर्ग मात्र लेखी द्या. खाणीत एक जरी पाळी चालू आहे तोवर कुलूप लागायचं नाही, असं लिहा. आत्ता. माझ्यासमोर."

साहेबांनी तेथेच पायरीवर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले, आणि पुढे तिघा कुलगुरूंनी त्यावर सह्या केल्या, सहीचा मान पहिला कोणाचा यात आठवडा गेला तो निराळा. मग मिळवणीच्या दिवशी बाईंनी शिडी लाविली आणि दारावरील पाटी स्वहस्ते उतरविली. खाली इदवालराव डोळे पुशीत उभे होते, ते म्हणाले, "बाई, आता आपण कोण हो?"

बाई शिडीवरून म्हणाल्या, "चार वाजले, इदवालराव. मुलं आत बसलीत."

सारांश, त्या साली मुलुखातील एक विद्यालय कमी जाहले, आणि वर्ग एकही कमी जाहला नाही.